न जुळलेल्या आकड्यांची गोष्ट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतल्या दुकानांतून नव्या वह्यांची पूजा होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, समोर धणे-गूळ ठेवला जातो आणि नवे वर्ष सुरू होते. पण नवी वही उघडण्यापूर्वी जुनी मिटावी लागते, आणि ती मिटणे हे पूर्वी मोठे जिकिरीचे काम असे. बेरजांत दोन पैशांचा फरक निघाला, तरी जुन्या पठडीतले दिवाणजी दिव्याची वात मोठी करून पुन्हा पहिल्या पानापासून बसत. खिशातले दोन पैसे गल्ल्यात टाकून वही मिटणे काही अवघड नव्हते. परंतु दिवाणजींना अनुभवाने ठाऊक असे की, दोन पैशांचा फरक हा पुष्कळदा दोन पैशांचा नसतो. जमेकडील एक मोठी चूक आणि खर्चाकडील जवळजवळ तेवढीच दुसरी चूक एकमेकींच्या आड दडलेल्या असतात, आणि त्यांचे शेपूट तेवढे दोन पैशांच्या रूपाने बाहेर राहिलेले असते.

शास्त्राच्या इतिहासातही असे दिवाणजी होऊन गेले. त्यांच्यापैकी काहींची हकिगत आज सांगावयाची आहे. ज्या विषयात त्यांनी काम केले त्याचे नाव मात्र जरा भीतिदायक आहे: पातळ चुंबकी पापुद्र्यांतील अरेषीय लोहचुंबकीय अनुस्पंदन! वाचकांनी घाबरून पान उलटू नये. नाव लांबलचक असले, तरी त्यातला एकेक शब्द भोवरा, लेझीम, झोपाळा आणि त्रैराशिक एवढ्या सामग्रीवर उलगडण्यासारखा आहे.

प्रथम भोवरा घेऊ. जोरात फिरणारा भोवरा थोडा कलला की एकदम पडत नाही. त्याचा माथा डुलत डुलत हवेत एक वर्तुळ काढतो. लोखंडाच्या आतील इलेक्ट्रॉन असाच एक भोवरा आहे आणि शिवाय तो एक चिमुकला चुंबकही आहे. त्याच्या ह्या अंगच्या गिरकीला ‘स्पिन’ म्हणतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की हा भोवरा त्या क्षेत्राभोवती डुलू लागतो, आणि त्याच्या डुलण्याचा वेग ठरलेला असतो: एक गाउस क्षेत्रात सेकंदास सुमारे २८ लाख वेळा. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गाउसच्या आसपास आहे, एवढे सांगितले म्हणजे मापाची कल्पना येईल.

आता ह्या डुलण्याच्या तालावर बाहेरून विद्युच्चुंबकीय लहर सोडली, तर काय होईल? झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच चढतो. वेळ चुकली की धक्का फुकट जातो. तसेच येथे होते. ताल जुळला की लोखंड ती लहर अधाशासारखी पिऊन टाकते. ह्यालाच अनुस्पंदन म्हणतात. लोखंड, निकेल, कोबाल्ट ह्यांच्यात आणखी एक विशेष आहे. त्यांच्यातील कोट्यवधी भोवरे सुटे नसतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला धरून ठेवलेले असते. म्हणून ते एकाच तालात डुलतात, जणू एखाद्या शाळेच्या मैदानावर हजारो मुले एका हलगीवर लेझीम खेळत आहेत.

रशियात मॉस्को येथे व्लादिमीर अर्कादियेव यांनी १९१२ च्या सुमारास लोखंडाच्या व निकेलच्या तारांत विद्युत्-लहरींचे असे विशिष्ट शोषण पाहिले होते. पण भोवऱ्यांची भाषा तेव्हा जन्मास यावयाची होती. ती भाषा नीट जुळवून १९३५ साली खारकोव्ह येथील दोन तरुणांनी एक समीकरण मांडले. एक लेव्ह लांडाउ, वय २७. दुसरे येवगेनी लिफ्शित्झ, वय २०. लोहचुंबकातील भोवरे कसे डुलतात आणि डुलता डुलता कसे शांत होतात, हे त्या समीकरणात थोडक्यात सांगितलेले आहे. ह्या विषयातील कोणताही विद्यार्थी आजसुद्धा त्यापासूनच आरंभ करतो.

परंतु ज्या संस्थेत हे समीकरण लिहिले गेले, तिच्यावर दोनच वर्षांत आभाळ कोसळले. स्टालिनच्या राजवटीत माणसांचाच हिशेब चालू होता, आणि जो माणूस त्यात बसत नसे त्याचे नाव खोडले जाई. खारकोव्हच्या अतिशीत प्रयोगशाळेचे प्रमुख लेव्ह शुब्निकोव्ह यांना १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. लांडाउ मॉस्कोस गेले होते. त्यांना एप्रिल १९३८ मध्ये अटक झाली. प्योत्र कापित्सा ह्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने स्वतः जामीन राहून एक वर्षाने त्यांची सुटका करविली. पुढे १९६२ मध्ये लांडाउंना नोबेल पारितोषिक मिळाले. कापित्सांनी त्या वेळी आपल्या मानेवर जोखीम घेतली नसती, तर काय झाले असते, ह्याचा विचारही करवत नाही.

दुसरे महायुद्ध आले. विमाने शोधण्यासाठी रडार हवे होते, आणि रडारसाठी काही सेंटिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरी निर्माण करणे, वाहून नेणे व मोजणे जरूर होते. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेतील मंडळी ह्या कामास जुंपली गेली. युद्ध संपले तेव्हा त्यांच्या हाती ते कसब आणि ती उपकरणे शिल्लक होती. संहारासाठी जमविलेल्या सामग्रीतून ज्ञानाची कामे निघावीत, ही त्या शतकातील एक विचित्र गोष्ट आहे. पण ती अनेकदा घडली.

क्लॅरेंडनमधील जे. एच. ई. ग्रिफिथ्स यांनी १९४६ साली एक साधी युक्ती केली. लहरी ज्या धातूच्या पोकळ डबीत कोंडावयाच्या, तिच्या एका भिंतीवर त्यांनी विजेच्या मुलाम्याने लोखंडाचा, कोबाल्टचा वा निकेलचा पातळ पापुद्रा चढविला, बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले आणि ते हळूहळू वाढवीत नेले. एका विशिष्ट क्षेत्राशी शोषण एकदम वाढले. अनुस्पंदन सापडले! रशियात कझान येथे येवगेनी झावोइस्की हेही स्वतंत्रपणे त्याच सुमारास तेथवर पोहोचले होते.

आनंद होण्यासारखीच गोष्ट होती. पण हिशेब जुळेना. तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरीची कंप्रता सेकंदास एक हजार कोटी असते. तिला २८ लाखांनी भागले की सुमारे ३,५७० गाउस येतात. म्हणजे तेवढ्या क्षेत्राशी अनुस्पंदन व्हावयास पाहिजे. प्रत्यक्षात ते कितीतरी कमी क्षेत्राशी होत होते. निराळ्या शब्दांत सांगावयाचे तर, भोवरे हिशेबापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत वेगाने डुलत होते. येथे फरक दोन पैशांचा नव्हता, रुपयाचे सहा झाले होते! ग्रिफिथ्स यांनी तो फरक लपविला नाही, की प्रयोग बिघडला म्हणून सोडूनही दिला नाही. ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात त्यांनी आपले आकडे जसेच्या तसे छापले.

ते आकडे अमेरिकेत चार्ल्स किट्टेल यांच्या वाचनात आले आणि १९४७ मध्ये त्यांनी उलगडा केला. चूक इलेक्ट्रॉनची नव्हती, ग्रिफिथ्सचीही नव्हती. सर्वांनी एका गोष्टीकडे दुर्लक्ष केले होते. ती म्हणजे पापुद्र्याचा आकार. भोवरा डुलताना त्याचे टोक पापुद्र्याच्या पृष्ठातून वर येऊ पाहते. तसे झाले की वरच्या व खालच्या पृष्ठांवर विरुद्ध ध्रुव उमटतात आणि ते त्या टोकाला जोराने परत आत ओढतात. ही ओढ बाहेरच्या क्षेत्राच्या मदतीला येते, म्हणून भोवरे अधिक वेगाने डुलतात. नुसते बाहेरचे क्षेत्र न घेता, ते व लोखंडाच्या आतील एकूण चुंबकीय प्रवर्तन ह्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावयाचे, असे किट्टेल यांचे सूत्र आहे. वाचकांपैकी ज्यांना आकडेमोडीची हौस आहे, त्यांनी करून पाहावे. लोखंडाचे स्वतःचे चुंबकन सुमारे २१,५०० गाउस. बाहेरचे क्षेत्र ५८० घेतले, तर आतील एकूण सुमारे २२,०८०. ५८० आणि २२,०८० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ३,५८० च्या घरात येते. पाहिजे होते ते हेच! पापुद्र्याच्या पातळपणातच सहापटीचे रहस्य होते.

अशा रीतीने पहिला आकडा जुळला. दुसऱ्या आकड्याची हकिगत एका कंदिलापासून सुरू करावी लागेल.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर दुष्काळ पडला. देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता. अन्नधान्य व कोळसा मिळेनासा झाला होता. विद्यापीठे बंद होती. निकोलास ब्लुंबर्गन नावाचा एक पंचविशीच्या आतला विद्यार्थी नाझींच्या नजरेआड लपून दिवस काढीत होता. पोटात काही असावे म्हणून ट्यूलिपच्या फुलझाडांचे कंद खाण्याची पाळी आली होती. रात्री तो एका कंदिलाच्या उजेडात क्रामर्स यांचे पुंजवादावरील पुस्तक वाची. कंदिलात घालावयास रॉकेल नव्हते. घर तापविण्याचे जाडे तेल थोडे उरले होते, ते घालावे लागे. त्याने इतकी काजळी धरे की दर वीस मिनिटांनी काच पुसावी लागे. पुसावी, वाचावे, पुन्हा पुसावी! आज आपण अंगणात पणत्यांची ओळ लावतो तेव्हा त्या एका काजळलेल्या कंदिलाची आठवण करण्यास हरकत नाही.

१९४६ मध्ये ब्लुंबर्गन हार्वर्डला गेले. डुलणारे भोवरे शांत होताना आपली शक्ती कोणाला देतात, हा त्यांच्या आवडीचा प्रश्न. प्रथम त्यांनी तो अणुकेंद्रांच्या बाबतीत सोडविला आणि मग लोहचुंबकांकडे वळले. आतापर्यंत सर्वांनी क्षीण लहरी सोडून प्रयोग केले होते. आपण लहरीची शक्ती वाढवीत गेलो तर काय होईल, असे त्यांनी विचारले. त्यांच्याबरोबर रिचर्ड डेमन व शिह वांग हे होते, आणि प्रयोगासाठी फेराइटचे स्फटिक घेतले होते. फेराइट म्हणजे लोखंडाच्या गंजाचेच एक सुधारलेले भावंड; चुंबकत्व भरपूर, पण वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून लहर त्याच्या अंतरंगापर्यंत पोहोचते.

येथे त्रैराशिकाचा संबंध येतो. जोर दुप्पट केला की झोका दुप्पट होतो, असे जेथवर चालते तेथवरच्या प्रांतास ‘रेषीय’ म्हणतात. कारण आलेख सरळ रेषेचा येतो. त्रैराशिक मोडले की ‘अरेषीय’ प्रांत सुरू झाला. आता कोणतेही त्रैराशिक केव्हातरी मोडणारच. एका पिशवी खताने चार मण धान्य आले, म्हणून शंभर पिशव्यांनी चारशे मण येत नाही. तेव्हा शक्ती फार वाढविल्यावर भोवरे आडवे होऊ लागतील आणि शोषण मंदावेल, हे अपेक्षितच होते. ते किती शक्तीला होईल, ह्याचा हिशेबही मांडलेला होता.

प्रयोगात तो हिशेब दोन ठिकाणी चुकला. अनुस्पंदनाचे शिखर अपेक्षेच्या फार आधी, भोवरे फारसे कललेही नव्हते तेव्हाच, खचू लागले. दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. मुख्य शिखराच्या अलीकडे, काहीशे गाउस कमी क्षेत्राशी, जेथे ताल मुळीच जुळत नाही अशा जागी, एक नवेच शोषण उगवले. कमी शक्तीला त्याचा मागमूस नसे; एक ठराविक उंबरठा ओलांडला की ते एकदम हजर होई. १९५२ ते १९५४ ह्या काळात हार्वर्डच्या मंडळींनी हे निबंधांतून प्रसिद्ध केले. समाधानकारक खुलासा हाती नसताना त्यांनी न जुळलेले आकडे जगापुढे ठेवले, ही गोष्ट मला त्यांच्या पुढील सर्व मानसन्मानांइतकीच मोठी वाटते. ब्लुंबर्गन यांना १९८१ मध्ये लेसरच्या साहाय्याने केलेल्या वर्णपटविषयक कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण अरेषीय प्रांताची चटक त्यांना चुंबकांपासूनच लागली असावी.

उलगडा केला तो हॅरी सूल यांनी. लायपझिगमध्ये १९२२ साली जन्मलेला हा मुलगा युद्धापूर्वीच इंग्लंडला आला, ऑक्सफर्डला शिकला आणि पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करू लागला. १९५५ मध्ये फिलिप अँडरसन यांच्याबरोबर आणि १९५६-५७ मध्ये एकट्याने त्यांनी जे लिहिले, त्याचे सार सांगण्यासाठी आपण नागपंचमीच्या झोपाळ्याकडे वळू.

झोपाळा चढविण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे मागून कोणी धक्का देणे. दुसरा, मुलींना चांगला ठाऊक असलेला, म्हणजे फळीवर उभे राहून खाली बसणे व उठणे. एका झोक्यात दोनदा बसावे-उठावे लागते. म्हणजे कंप्रता एकाची असते, तर तिच्या निमपट कंप्रतेचे दुसरेच आंदोलन चढत जाते! मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये थरथरणाऱ्या पाण्यावर अशा निमपट तालाच्या लहरी पाहिल्या होत्या. मेल्डे यांनी १८५९ मध्ये नादकाट्याला बांधलेल्या दोऱ्यावर हाच खेळ दाखविला आणि लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्ये त्याचे गणित मांडले. ह्या प्रकाराचे दोन विशेष आहेत. झोपाळा अगदी स्थिर असेल, तर कितीही उठाबशा काढल्या तरी तो हलत नाही. आधी थोडीशी हालचाल असावी लागते. शिवाय उठाबशांचा जोर घर्षणापेक्षा अधिक असावा लागतो. कमी पडला तर काहीच घडत नाही, अधिक झाला की झोका भराभर वाढतो. उंबरठा येतो तो येथून.

आता लेझमीच्या मैदानावर परत येऊ. सर्व मुले अगदी एका ठेक्यात खेळत आहेत, हे आदर्श चित्र झाले. प्रत्यक्षात उष्णतेमुळे थोडी चुळबूळ नेहमीच चालू असते. एक मुलगा किंचित मागे राहतो, त्याच्या शेजारचा आणखी किंचित मागे. आणि जोंधळ्याच्या शेतावरून वाऱ्याची लहर जावी तशी एक लहर मैदानावरून सरकते. ह्यांना स्पिनलहरी म्हणतात. फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्येच त्यांची कल्पना मांडली होती. सूल यांनी दाखविले की, सर्वांचे मिळून चाललेले मोठे डुलणे ह्या चिमुकल्या लहरींच्या बाबतीत उठाबशांचे काम करते. ते जोरदार झाले की निमपट कंप्रतेच्या दोन स्पिनलहरी, एक एका दिशेने व दुसरी नेमकी उलट दिशेने, एकदम माजतात. हार्वर्डला भलत्याच जागी उगवलेले शोषण ते हेच. आणि मुख्य शिखर आधी खचते, ते दुसऱ्या एका, पण त्याच जातीच्या प्रकाराने. तेथे मोठ्या डुलण्याचे दोन अंश नाहीसे होऊन त्याच कंप्रतेच्या दोन उलटसुलट स्पिनलहरी जन्मतात. उंबरठा ओलांडल्यावर तुम्ही कितीही शक्ती ओता. मोठे डुलणे वाढत नाही. जादा शक्ती लहरींत वाटली जाते आणि शेवटी स्फटिक तेवढा तापतो.

ह्यात एक मोठी उद्‌बोधक गोष्ट आहे. स्पिनलहरी जितक्या सावकाश विरतात, तितका उंबरठा खाली येतो. म्हणजे स्फटिक जितका शुद्ध व निर्दोष, तितकी ही फूट लवकर पडते! १९५६ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेर्तो व फोरा यांनी इट्रियम-लोह गार्नेट नावाचा पदार्थ शोधून काढला. त्याच्या गोळ्या घोटून आरशासारख्या केल्या की अनुस्पंदन एका गाउसहूनही अरुंद होते आणि उंबरठा फारच खाली येतो. व्यवहारी माणसांनी ह्या दोषाचाच गुण केला. रडारचा ग्राहक फार नाजूक असतो. त्याच्या तोंडाशी असा स्फटिक बसविला की क्षीण लहर आत जाते, आणि दांडगी लहर आली की ती स्पिनलहरींत विरून यंत्र वाचते. सूल यांनी १९५७ मध्ये ह्याच तत्त्वावर लहरी वाढविणारे यंत्र सुचविले आणि त्याच वर्षी वाइस यांनी ते करून दाखविले. १९६० मध्ये श्लोमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच मॉर्गेनथेलर यांनी स्वतंत्रपणे, मोठ्या डुलण्याचा मध्यस्थ काढून टाकला. बाहेरचे क्षेत्रच मूळ क्षेत्राच्या दिशेत कमीजास्त करून त्यांनी स्पिनलहरी थेट माजविल्या.

परंतु आपली गोष्ट पापुद्र्यापासून सुरू झाली होती आणि तिला तेथेच परत जावयाचे आहे. गोळीत किंवा ठोकळ्यात स्पिनलहरींना हिंडावयास सगळीकडे रान मोकळे असते. पापुद्र्यात तसे नाही. जाडीच्या दिशेत लहर नेमकी मावली पाहिजे. वीणेच्या तारेवर जसे ठराविकच स्वर उमटतात, तसे हे आहे. १९५८ मध्ये सीव्ही व टॅननवाल्ड यांनी निकेल-लोखंडाच्या पातळ पापुद्र्यात हे ‘स्वर’ एकापुढे एक उभे असलेले प्रत्यक्ष मोजून दाखविले. ते असावेत हे भाकीत पुन्हा किट्टेल यांचेच. त्या दशकात पापुद्र्यांना संगणकांमुळेही भाव आला होता. १९६२ मधील ‘युनिव्हॅक ११०७’ ह्या संगणकाच्या स्मृतीचा एक भाग अशा चुंबकी पापुद्र्यांचा होता. पुढे १९७० नंतर वितळलेल्या द्रावातून गार्नेटचे निर्दोष पापुद्रे वाढविण्याची कला साधली आणि ह्या विषयाला जणू नवे मैदान मिळाले.

पापुद्र्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले तर मोठी मौज होते. अशा मांडणीत सर्वांच्या एकत्र डुलण्याची कंप्रता स्पिनलहरींच्या कंप्रतांच्या अगदी तळाशी येते. पाणी तळालाच असेल तर ते आणखी खाली वाहणार कोठे? त्यामुळे फूट पडण्यास सहसा वाव राहत नाही आणि भोवरे पुष्कळ अधिक कलविता येतात. मग त्रैराशिक निराळ्याच रीतीने मोडते. भोवरे कलले की आतील ओढ बदलते, ओढ बदलली की ताल बदलतो. म्हणून अनुस्पंदनाचे शिखर सरळ उभे न राहता एका बाजूस झुकते. अँडरसन व सूल यांनी १९५५ मध्येच हे सांगितले होते. झुकलेल्या शिखराशी तुम्ही कोणत्या बाजूने येता, यावर उत्तर अवलंबून राहते! क्षेत्र वाढवीत आलात तर एक, कमी करीत आलात तर दुसरे. पापुद्र्याला आपला मागला प्रवास आठवतो, असेच जणू म्हणावयाचे.

नंतरच्या वर्षांत ह्या मैदानावर काय काय खेळ झाले! १९८३ मध्ये लेनिनग्राड येथे कालिनिकोस, कोव्शिकोव्ह व स्लाविन यांनी गार्नेटच्या पापुद्र्यात पसरून न जाणारी, एकसंध राहून धावणारी लहर पाहिली. उंबरठ्याच्या पलीकडे शोषण आपोआप वरखाली होऊन फडफडते, हे १९६० च्या आसपासच दिसले होते. तीही एक न जुळलेली बाब पुष्कळ दिवस नुसती टिपलेली राहिली. १९८४ मध्ये बर्कली येथे गिब्सन व जेफ्रिज यांनी गार्नेटच्या गोळीवर दाखविले की, त्या फडफडीतही शिस्त आहे. शक्ती वाढविली की तिचा काळ दुप्पट होतो, मग चौपट, आणि शेवटी पूर्ण अनागोंदी माजते. हवामान किंवा वाहत्या पाण्यातील खळबळ समजून घेण्यासाठी जे गणित त्या काळी रचले जात होते, तेच येथे लागू पडले.

सर्वांत नवलाची गोष्ट २००६ सालची. जर्मनीतील म्युन्स्टर येथे देमोक्रितोव्ह व त्यांचे सहकारी यांनी गार्नेटच्या पापुद्र्यात निमपट कंप्रतेच्या स्पिनलहरी जोराने माजविल्या. ह्या गटात युक्रेनमधील कीव्ह व अमेरिका येथील शास्त्रज्ञही होते. एका मर्यादेपलीकडे त्या लहरी सगळ्यांत खालच्या पायरीवर येऊन गोळा झाल्या आणि पुन्हा एका तालात डुलू लागल्या. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये डाक्क्याहून जे गणित आइन्स्टाइन यांना धाडले, त्यातून निघालेलाच हा एकत्र जमण्याचा प्रकार. वायूंच्या बाबतीत तो पाहण्यासाठी १९९५ मध्ये केवलशून्याच्या अगदी काठावरचे तापमान गाठावे लागले होते. येथे तो साध्या खोलीतल्या उष्णतेत दिसला. ज्या अतिरेकाने लेझमीचा मूळ ताल मोडला, त्याच अतिरेकाने शेवटी फुटलेल्या लहरींना नव्या तालात आणले. आता अशा लहरींवर आकडेमोड करणारी, विजेच्या प्रवाहावाचून चालणारी यंत्रे बांधता येतील काय, याचा कसून शोध चालू आहे.

ही सर्व परंपरा पाहिली म्हणजे मन पुन्हा पहिल्या दोन आकड्यांपाशी येते. ग्रिफिथ्स यांच्या सहापटीच्या आकड्याला ‘उपकरणातील दोष’ म्हणून बाजूस सारता आले असते. डेमन, वांग व ब्लुंबर्गन यांना भलत्या जागी उगवलेल्या शिखरावर बोळा फिरविता आला असता. कोणी विचारलेही नसते. कारण विचारण्यासारखे काही आहे हे दुसऱ्या कोणास ठाऊकच नव्हते. प्रामाणिकपणाची खरी परीक्षा अशाच वेळी होते. कोणी पाहत नसताना, जुळत नाही ते जुळत नाही असे लिहून ठेवावयाचे आणि पुढच्या माणसासाठी वही उघडी ठेवावयाची. खारकोव्हमध्ये ज्यांनी न जुळणारी माणसेच खोडून टाकली, त्यांच्या वह्या वरवर चोख दिसल्या असतील. पण त्या हिशेबाची तूट पुढच्या पिढ्यांना भरावी लागली.

यंदा पूजेच्या वेळी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वही नसेल. हिशेब यंत्रातच राहतात आणि बेरजा आपोआप जुळतात. तरीही नव्या वर्षाच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिताना खाली एक कोपरा मोकळा ठेवावा. वर्षभरात जे जे हिशेबात बसले नाही, ते तेथे खरेखरे टिपून ठेवावे. त्याचा उलगडा आपल्या हातून होईलच असे नाही. पण काजळी धरणारा कंदील दर वीस मिनिटांनी पुसून वाचीत बसणारा कोणीतरी पुढे येईल, आणि त्याला ती नोंद उपयोगी पडेल.